शिडाच्या होडीतून मुंबई ते गोवा : आधी घड्याळ, मग नकाशा

होडी घेऊन कोकण किनाऱ्याने गोव्याला निघणारे लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो "किती दिवस लागतील?" आणि दुसरा "रोज किती मैल होतील?" या दोन प्रश्नांवर आखलेला बेत पहिल्या दोन-तीन खाड्यांतच फसतो. कोकणात दिवसाचं अंतर तुमच्या वेगावर ठरत नाही. ते ठरतं पुढच्या खाडीच्या तोंडाशी भरती किती वाजता आहे यावर.

कारण साधं आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, हलका आणि सुखाचा. अकरा-बाराच्या सुमारास तो पडतो आणि मग वायव्येकडून खारा वारा भरतो. दुपारी तीन-चारला तो १५ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास सहज पोचतो. अशा वेळी खाडीला ओहोटी लागलेली असेल तर आतलं पाणी पश्चिमेला बाहेर धावतं, वारा आणि लाटा समोरून आत येतात, आणि तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावर दोघांची गाठ पडते. लाटा उभ्या होतात, जवळजवळ येतात, फुटायला लागतात. तीच जागा सकाळी अकराला, चढत्या भरतीत, तळ्यासारखी असते. बहुतेक अपघात आणि जवळपास सगळ्या घाबरगुंड्या या एका गोष्टीतून येतात. म्हणून खालचा क्रम पाळा आणि त्यातला एकही टप्पा पुढे-मागे करू नका.

टप्पा १ : हंगाम आणि तिथी ठरवा

जून ते सप्टेंबरचा विचारच नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि बंदी उठल्यावरही समुद्र लगेच निवळत नाही. ऑक्टोबरमध्ये निघण्याचा मोह अनेकांना होतो. पाणी शांत दिसतं, आकाश धुतलेलं असतं. पण अरबी समुद्रातल्या वादळांचा हा दुसरा मोसम आहे. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओळखणारे मच्छीमार बाहेर अडकले होते. माझं मत स्पष्ट आहे : डिसेंबरच्या मध्याआधी निघू नका, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत परत या. मार्चपासून दुपारचा वायव्य वारा जोर धरतो आणि परतीचा प्रवास जड होतो.

महिना ठरला की कॅलेंडरमध्ये सुट्टी शोधण्याआधी तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरावी तिथी धरायची, म्हणजे सव्वाअकराच्या पुढे, बाराच्या आसपास. दिवसात दोन भरत्या असल्यामुळे हीच वेळ दुपारी आणि रात्री, किंवा सकाळी आणि संध्याकाळी, अशी दोनदा येते.

आता हा हिशेब खाऱ्या वाऱ्याच्या वेळेशी जुळवा. तुम्हाला खाडीत शिरायचं आहे सकाळी दहा ते दुपारी दोन-अडीचच्या दरम्यान, आणि तेही भरतीच्या शेवटच्या दोन तासांत. असे दिवस त्रयोदशी ते चतुर्थी या सहा-सात दिवसांत मिळतात. षष्ठी ते दशमीच्या दिवसांत दुपारी बाराला नेमकी ओहोटी असते, तोंडावर पाणी सर्वात कमी. त्या आठवड्यात उथळ खाड्यांच्या वाटेला जाऊ नका. खोल बंदरांमध्ये थांबा किंवा एका जागी मुक्काम करून पायी फिरा.

तपासा : तिथीचा हिशेब बेत आखण्यासाठी आहे, शिरण्यासाठी नाही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि दक्षिणेकडे जाल तशी भरती आधी येते. शिरण्याच्या दिवशी त्या बंदराचा छापील भरती-ओहोटीचा तक्ताच बघा.

पाण्याची उंचीही सगळीकडे सारखी नसते. मुंबईत उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, गोव्यात तो साधारण दोन मीटरवर येतो. उत्तर कोकणात "भरतीला जाता येईल" याला मोठा अर्थ आहे. मालवणच्या खाली भरती तुम्हाला फार वर उचलत नाही, तिथे खडक चुकवणं हाच मुद्दा आहे.

टप्पा २ : कागद, माणसं, कळवणं

होडीचं नोंदणीपत्र, विमा, चालवणाऱ्याचा परवाना आणि प्रत्येकाचं ओळखपत्र, सगळं मूळ प्रतीत, पाण्यापासून सुरक्षित पिशवीत. २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होडीची चौकशी होणारच आणि ती व्हायलाच हवी. सागरी पोलीस विचारतील, गावातलं सागर रक्षक दल विचारेल. निघण्याआधी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात होडीचं वर्णन, माणसांची यादी आणि थांब्यांचा क्रम लेखी द्या. गोव्याची हद्द लागली की तिथल्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे नोंद करा.

प्रत्येक थांब्यावर आधी स्वतः जाऊन कळवा. कोणी विचारायला येण्याची वाट बघू नका. यात अर्धा तास जातो, पण पुढचा मुक्काम निर्धास्त होतो.

सावधान : उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही. परदेशातून आलेला मित्र सहज पिशवीत घेऊन येतो आणि सगळे अडकतात. व्हीएचएफ रेडिओलाही परवाना लागतो. तो घ्याच, आणि चॅनल १६ सतत चालू ठेवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही सुकाणूजवळ ठळक लिहून चिकटवा.

माणसं किमान तीन, त्यातली दोन तरी एकट्याने होडी सांभाळू शकणारी हवीत. कारण टप्पा ८ मध्ये येईल : किनाऱ्यावर फिरायला जाताना होडीवर कोणीतरी राहायला हवं, आणि राहणाऱ्याला नांगर उचलून होडी हलवता यायला हवी.

टप्पा ३ : होडीची तयारी

या किनाऱ्याला ३० ते ३५ फुटी होडी पुरते. तरंगायला दीड मीटरपेक्षा जास्त पाणी लागणारी होडी असेल तर अर्ध्या खाड्या यादीतून आत्ताच खोडा.

इथे लोक शिडांवर आणि इलेक्ट्रॉनिक्सवर खर्च करतात आणि नांगरावर हात आखडतात. उलटं करा. आपल्याकडे मुक्काम म्हणजे नांगर. लागून राहायला धक्का क्वचितच मिळतो आणि मिळाला तरी मासेमारी नौकांच्या गर्दीत होडीचं अंग सोलून निघतं. होडीच्या वजनाला सांगितलेल्या नांगरापेक्षा एक माप मोठा घ्या, सोबत ३० मीटर साखळी आणि तिच्यापुढे ४० मीटर दोर. दुसरा नांगर हलका, छोट्या होडीतून नेता येईल असा.

जाळ्यांसाठी वेगळी तयारी हवी. रायगडच्या किनाऱ्यावर खुंटांना बांधलेल्या डोल जाळ्यांच्या रांगा असतात, दक्षिणेकडे गिलनेट आणि पर्ससीन ही तरंगती जाळी. बोये दिवसा नीट बघितले तर दिसतात, रात्री अजिबात नाही. इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं तर कापायला दात्यांची सुरी, पाण्याखालचा चष्मा आणि होडीला बांधून घ्यायचा दोर हाताशी ठेवा. कापण्याआधी इंजिन बंद करून किल्ली काढून घ्या. आणि जाळं कापावं लागलं तर त्याच्या मालकाला शोधून भरपाई द्या. ते कोणाचं तरी त्या हंगामाचं पोट आहे.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरा आणि दोन दिवसांचं जादा. डिझेल बहुतेक ठिकाणी गावातल्या पंपावरून कॅनने आणावं लागतं, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरायची, संपत आल्यावर नाही.

टप्पा ४ : वाट तोडून घ्या

अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्यामुळे नकाशाच्या कडेवरच अंतर मोजता येतं. साधारण तुकडे असे पडतात :

मुंबई ते राजपुरी खाडी ४०, तिथून हर्णै ३०, हर्णै ते जयगड ३१, जयगड ते रत्नागिरी २०, रत्नागिरी ते विजयदुर्ग २६, विजयदुर्ग ते देवगड ११, देवगड ते मालवण २२, मालवण ते वेंगुर्ले १६, वेंगुर्ले ते गोव्यातलं आग्वाद २५. म्हणजे सव्वादोनशे मैलांच्या आसपास. पाच नॉटने चाललात तर ४५ तास. पण हे तास सलग मिळत नाहीत, म्हणून जाण्यासाठी बारा ते चौदा दिवस धरा.

आता प्रत्येक थांब्यासमोर एक खूण करा : "कधीही शिरता येईल", "फक्त भरतीत", की "फक्त उजेडात आणि माहितगारासोबत". माझ्या यादीत जयगड आणि विजयदुर्ग पहिल्या प्रकारात आहेत. दोन्हीकडे खोल पाणी आहे आणि आत गेल्यावर वायव्येपासून पक्का आडोसा. जयगडला मोठ्या जहाजांची वाट मात्र मोकळी सोडा. देवगडचा आडोसाही उत्तम. दाभोळ, केळशी, बाणकोट, आचरा ही भरतीची ठिकाणं, तोंडावर वाळू आहे आणि ती दर पावसाळ्यात जागा बदलते. मागच्या वर्षीचा मार्ग जीपीएसमध्ये साठवलेला असेल तर तो पुसून टाका. हर्णै उघडंच आहे : सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामध्ये थोडा आडोसा मिळतो, पण वायव्येचा डोल (दुरून येणाऱ्या लांब लाटा) आत शिरतो आणि रात्रभर होडी हलते. मालवण तिसऱ्या प्रकारात, त्याबद्दल पुढे.

रत्नागिरीला थांबलंच पाहिजे असं नाही. मिरकरवाडा मासेमारी नौकांनी भरलेला असतो आणि नवख्या होडीची तिथे अडचणच होते. उजेड होताच निघालात तर जयगड ते विजयदुर्ग एका दिवसात होतं, आणि विजयदुर्गला दुपार उलटून गेली तरी शिरता येतं.

मुंबईतून निघताना खांदेरी बेट डावीकडे ठेवून बाहेरूनच उतरा. उंदेरी आणि किनारा यांच्यामध्ये खडक आहेत. पुढे रेवदंड्यासमोर चौल कडूचे खडक लांबून टाळा. अलिबागच्या बाजूला किनाऱ्याजवळ जाण्यासारखं काही नाही, पाणी उथळ आणि जाळीच जाळी.

टप्पा ५ : दिवसाचं घड्याळ उलटं मांडा

आदल्या संध्याकाळी वही घ्या आणि शेवटापासून सुरुवात करा. उदाहरण देतो. उद्या द्वितीया आहे, पुढच्या खाडीच्या तोंडाशी भरती दीड वाजता. शिरायची वेळ साडेअकरा ते एक. अंतर ३० मैल, वेग पाच नॉट, म्हणजे सहा तास, त्यात जाळी चुकवायला आणि वारा पडला तर तासभर जादा. म्हणजे साडेचारला निघायला हवं. पण उजेड पावणेसातला होणार, आणि अंधारात जाळ्यांतून जायचं नाही. मग? एकतर अंतर कमी करा, किंवा तोंडावर पोचून शिरू नका, पुढच्या खोल बंदराला जा. "निघू तर खरं, बघू पुढे" हे उत्तर नाही. दिवसातल्या चुकीच्या निर्णयांची सुरुवात इथेच होते.

पहाटेच्या मतलई वाऱ्यात किनाऱ्यापासून तीन-चार मैल राहा, समुद्र सपाट असतो. अकराला वारा पडतो तेव्हा शिडं नुसती आपटत ठेवू नका, इंजिन लावा. वायव्येचा वारा भरायला लागला की तो मागून-उजवीकडून येतो. होडी पळते, सगळे खूश होतात, आणि बूमकडे (मोठ्या शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) कोणाचं लक्ष राहत नाही. मागच्या वाऱ्यात सुकाणू जरा चुकलं की बूम एका बाजूहून दुसऱ्या बाजूला फेकला जातो आणि माणसाचं डोकं फोडतो. वारा मागे गेला की लगेच बूमला पुढच्या बाजूने दोर बांधून जखडा. १५ नॉट झाले की मोठं शीड एक घडी कमी करा, मग कितीही मजा येत असली तरी.

तपासा : निघण्याआधी हवामान खात्याचा किनारी इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज, दोन्ही. लाटांची उंची कमी पण दोन लाटांमधला कालावधी १४-१५ सेकंद दाखवत असेल तर तो दुरून आलेला डोल आहे. बाहेर तो जाणवणार नाही, खाडीच्या तोंडावर मात्र भिंत होऊन उभा राहील. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर त्या दिवशी नांगर उचलायचा नाही.

टप्पा ६ : खाडीत शिरणं

क्रम असा आहे.

१. तोंडापासून एक मैल बाहेर थांबा. शीड कमी करा, होडीची नाळ (पुढचं टोक) वाऱ्याकडे करा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघा. पांढरं कुठे फुटतंय? फुटणाऱ्या लाटांमध्ये सतत मोकळी राहणारी पट्टी कुठली? मोठ्या लाटा ठरावीक अंतराने गटागटाने येतात, त्यांच्यामधला शांत वेळ मोजा.

२. बाहेर पडणाऱ्या किंवा आत जाणाऱ्या मासेमारी नौकेच्या तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्याला, विचारा. "तांडेलनू, तोंडावर पाणी किती असा?" उत्तर बहुधा वावात येईल. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. दोन वाव सांगितले तर साडेतीन मीटर धरा, आणि ते आत्ताचं पाणी आहे की ओहोटीचं हे पुन्हा विचारा.

३. सगळ्यांनी लाइफजॅकेट घाला. खिडक्या-झाकणं बंद. नांगर सोडायला तयार. इंजिन चालू, पण एक शीडही वर ठेवा. पट्ट्यावर इंजिन बंद पडलं तर वाचवणारं तेच आहे.

४. परत फिरण्याची जागा आधीच ठरवा. "खोली तीन मीटरच्या खाली गेली आणि पुढच्या लाटा फुटताना दिसल्या तर इथूनच फिरायचं", असं मोठ्याने बोलून सगळ्यांना सांगा. त्या रेषेपलीकडे गेल्यावर वळायचं नाही. पट्ट्यावर होडी आडवी झाली की उलटू शकते.

५. आत जाताना वेग लाटेच्या वेगाशी जुळवा, लाटेच्या पुढच्या उतारावरून घसरू देऊ नका. सुकाणूवरच्या माणसाने मागे बघायचं नाही, मागचं दुसऱ्याने सांगायचं.

यात हमखास होणारी चूक म्हणजे पुढे चाललेल्या छोट्या होडीच्या मागोमाग जाणं. बाहेरच्या बाजूला मशीन लावलेल्या त्या होडीला अर्धा मीटर पाणी पुरतं. तुमच्या होडीच्या तळाच्या कण्याला तेवढं पुरत नाही. मोठ्या, भरलेल्या मासेमारी नौकेचा माग धरा.

शिरता आलं नाही तर कमीपणा वाटून घेऊ नका. हिवाळ्यात रात्री मतलई वाऱ्यामुळे समुद्र बसतो. बाहेर ८-१० मीटर पाण्यात, जाळ्यांपासून दूर, नांगर टाकून पांढरा दिवा लावून रात्र काढता येते. झोप नीट लागणार नाही, एवढंच.

टप्पा ७ : नांगर

एक हिशेब करायचा राहिला म्हणून काय होतं ते मी अनुभवलं आहे. उधाणाच्या दिवशी दुपारी बाराला आम्ही उत्तर कोकणातल्या एका खाडीत साडेतीन मीटर पाण्यात नांगर टाकला. होडीला दीड मीटर लागतं, म्हणजे दोन मीटर शिल्लक, असं मी म्हणालो आणि जेवायला बसलो. ओहोटीने तीन मीटर नेलं. साडेचारला होडी चिखलात टेकली, पाचला कलंडायला लागली. चुलीवरची आमटी, बॅटऱ्या, भांडी सगळं एका कुशीला गेलं. रात्री आठच्या सुमारास भरतीने उचलेपर्यंत आम्ही वरच्या कठड्यावर बसून होतो. चिखल मऊ होता म्हणून निभावलं, खालचा तळ कातळाचा असता तर होडी गेली असती.

म्हणून दोन हिशेब, दोन्ही लिहून. पहिला खालचा : आत्ताची खोली उणे अजून उतरणारं पाणी, ते होडीच्या गरजेपेक्षा किमान एक मीटर जास्त हवं. दुसरा वरचा : पूर्ण भरतीची खोली अधिक नाळेची पाण्यापासून उंची, त्याच्या पाचपट साखळी-दोर. ओहोटीला ४ मीटर, भरती ३ मीटर चढवणार, नाळ १ मीटर उंच, एकूण ८. म्हणजे ४० मीटर सोडा. नुसता दोर असेल तर सातपट.

बारा भागांचा नियम पाठ ठेवा : सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढतं किंवा उतरतं. मधल्या दोन तासांतच अर्धं पाणी जातं. "अजून बरंच आहे" असं वाटतं ते पहिल्या तासात.

खाडीतला चिखल फसवा असतो. नांगर टाकल्यावर लगेच इंजिन मागे ओढू नका, दहा मिनिटं त्याला रुतू द्या. मग हळू मागे, मग जोरात. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, माडामागे मंदिराचा कळस असं काहीतरी, आणि ती रेष सरकते का बघा. भरती-ओहोटी पालटताना होडी पूर्ण फिरते. शेजारच्या नौका आखूड दोरावर असतात, त्या तुमच्याइतक्या फिरत नाहीत. पहिला पालट जागं राहून बघाच. आणि खाडीच्या मधल्या वाटेत नांगर टाकू नका, मच्छीमार पहाटे तीन-चारला अंधारात बाहेर पडतात.

सावधान : उधाणाच्या ऐन भरतीला कधीही रुतू नका. पुढची प्रत्येक भरती आदल्या भरतीपेक्षा खाली असते, आणि होडी पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरा दिवस, तिथेच राहू शकते. अनोळखी पाण्यात शिरायचं ते भरती चढत असतानाच, म्हणजे टेकलात तरी ती उचलते.

टप्पा ८ : किनाऱ्यावर उतरणं आणि फिरणं

उतरायची वेळही सकाळचीच. दुपारच्या वाऱ्यात पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) लाट फुटते, छोटी होडी तिच्यात आडवी होते आणि पाठोपाठ माणसं तिच्याखाली येतात. लाट असेल तर शेवटच्या दहा मीटरला सगळ्यांनी एकदम उडी मारू नये. पुढचे दोघे उतरतात, नाळ धरतात, मग बाकीचे. होडी आणि लाट यांच्यामध्ये कोणी उभं राहायचं नाही.

खाडीच्या आत कांदळवनाजवळ ओहोटीला उतरू नका. गुडघाभर वाटणारा चिखल मांडीपर्यंत जातो आणि बूट आत राहतात. खडपावर उतरायचं असेल तर पायात जाड तळाचे बूट हवेतच, कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या कापतात. वाळूच्या उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे तळाशी बसलेलं पाकट आधीच निघून जातं. त्याच्या शेपटीचा काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि डॉक्टर गाठा.

छोटी होडी भरतीच्या रेषेच्या वर ओढा. वर म्हणजे जिथे वाळलेलं शेवाळ आणि काड्यांची ओळ दिसते त्याच्याही पलीकडे, आणि माडाला दोर बांधा. पण आधी विचारा : "मामा, होडी इथे ओढून ठेवली तर चालेल ना?" मोकळी दिसणारी पुळण मोकळी नसते. तिथे नौका ओढायची वाट असते, मासळीचं वाळवण असतं, जाळी पसरलेली असतात. त्यावरून चालत जाणारे पाहुणे गावाच्या वर्षानुवर्षं लक्षात राहतात.

होडीवर थांबणाऱ्याकडे चिठ्ठी ठेवा : कुठे, कोण, परत किती वाजता, आणि किती वाजेपर्यंत न आल्यास कोणाला फोन करायचा. परतीची वेळ पुन्हा पाण्यावरूनच ठरवा. ओहोटी लागल्यावर छोटी होडी पाण्यापासून दोनशे मीटर लांब राहते आणि ती चिखलातून ओढणं तिघांचं काम होऊन बसतं.

पाखाडीने (दगडी पायवाटेने) वर चढून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, जाणार असाल तर नऊच्या आत वर पोचा. रत्नागिरीच्या कातळशिल्पांचे सडे उघडे आहेत, झाड नाही, जांभा तापला की खालून-वरून भाजतं. माणशी दोन लिटर पाणी. आणि फुरशाला विसरू नका. कोकणातला हा छोटा विषारी साप जांभ्याच्या सुट्या दगडांखाली आणि गडग्यांच्या फटींत राहतो. दगड उलटायचा नाही, फटीत हात घालायचा नाही, अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. चावलाच तर पाय आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही न करता, माणसाला चालू न देता, मिळेल त्या गाडीने जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. कुठल्या थांब्याला कुठलं रुग्णालय जवळचं हे टप्पा ४ च्या यादीतच लिहून ठेवलेलं बरं.

आंब्याच्या बागांतून जाताना मालकाला विचारा. जानेवारीपासून बागेत मोहोर असतो आणि फवारणी चालू असते. फेब्रुवारीत गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीने सडा पेटतो, त्यामुळे किनाऱ्यावर चूल, शेकोटी काही नाही. वेळास, आंजर्ले यांसारख्या पुळणींवर या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात. तिथे अंधार पडल्यावर उतरू नका आणि होडीवरून प्रखर दिवा किनाऱ्याकडे मारू नका.

जलदुर्गांना स्वतःची होडी लावू नका. जंजिऱ्याच्या दरवाजाशी पाणी सतत खालीवर होत असतं आणि राजपुरीच्या शिडाच्या होड्यांना तिथे रोजची सवय आहे. तुमची होडी खाडीत नांगरून ठेवा, राजपुरीला उतरा, त्यांच्या होडीतून जा. सिंधुदुर्गालाही हेच.

टप्पा ९ : मालवण आणि वेंगुर्ले

मालवणचं बंदर खडकांनी वेढलेलं आहे, काही दिसणारे, काही भरतीत बुडणारे. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वतःच्या जोरावर शिरू नये, मग हातात कुठलाही नकाशा असो. देवगडला असतानाच चौकशी करून मालवणचा माहितगार तांडेल ठरवा, तो बाहेर येऊन तुमच्या होडीवर चढेल. त्याचे पैसे आधी बोलून घ्या आणि घासाघीस करू नका.

वेळ बारा ते दोन. इथे पाण्यातला खडक डोळ्यांनी बघायचा असतो आणि पूर्वेकडे शिरताना सकाळचं ऊन समोरून येतं, पाण्यावर नुसती चकाकी दिसते. सूर्य डोक्यावर आला की खडकांचे तपकिरी डाग उठून दिसतात. एक माणूस नाळेवर उभा, पोलराइज्ड चष्मा लावून. किल्ल्याभोवती सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. नांगर फक्त वाळूवर, प्रवाळावर नाही. तळ दिसत नसेल तर तांडेलाला विचारून टाका.

विजयदुर्गहून निघतानाही एक लक्षात ठेवा : किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली भिंतीसारखी दगडांची रांग आहे. किल्ला जवळून बघायच्या हौसेने बाहेरच्या बाजूला लगटू नका.

वेंगुर्ल्यासमोर समुद्रात बेटांची आणि खडकांची मोठी रांग आहे, निवती रॉक म्हणतात त्यांपैकी एकावर दीपगृह आहे. तिथून दिवसाच जा आणि ती रांग पूर्ण मागे पडेपर्यंत सुकाणू बदलून दुसऱ्याकडे देऊ नका.

टप्पा १० : परतीचा हिशेब

जाताना मागून येणारा वारा परतीला तोंडावर येतो. ज्यांनी जायला बारा दिवस धरले आणि यायला आठ, ते दुपारच्या वायव्य वाऱ्यात आपटत, शिडं फाडत, शेवटी होडी देवगडला ठेवून एसटीने घरी येतात. परतीला दिवस जास्त लागतात. उजेड होताच निघा, मतलई वारा उजव्या बाजूने घ्या, त्यात इंजिनाची जोड द्या, किनाऱ्याच्या जवळ राहा आणि अकरा-साडेअकराला नांगर पडलेला असू द्या. रोज २० ते २५ मैल, त्याहून जास्त नाही. रजा तेवढी नसेल तर होडी गोव्यात पावसाळ्याआधी बाहेर काढून ठेवायची सोय निघण्यापूर्वीच बोलून ठेवा, तिथे पोचल्यावर शोधू म्हणून नाही.

परतीच्या वाटेवर भरतीच्या वेळा पुन्हा नव्याने काढा. जाताना त्रयोदशीला निघाला असाल तर परतताना पंचांग सरकलेलं असतं, आणि ज्या खाडीत बाराला सुखाने शिरलात तिथे आता बाराला वाळू उघडी पडलेली असते.